वेदरलोचा न आटणारा झरा

एव्हिस वाइल्डगूजला वेदरलो गावात कुणी आडनावाने ओळखत नसे. ती झऱ्यावरची एव्हिस. तिच्याआधी तिची आई झऱ्यावरची हेप्सी होती. चर्चखालच्या उतारावर, जुन्या कोंडवाड्याला लागून त्यांचं दगडी घर, आणि घराच्या कुशीतूनच, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून लेडी वेलचं पाणी बाहेर पडायचं. वेल म्हणजे विहीर, पण ती नावालाच. खडकाच्या फटीतून येणारा झरा, खाली दगडी डोणी, आणि वरच्या कमानीवर कुणा पूर्वजाने कोरून ठेवलेलं, की मेरी माउलीचं हे पाणी आजवर आटलेलं नाही.

आटलं नव्हतंच. प्लेगच्या वर्षी आसपासची गावं ओस पडली तेव्हा वेदरलोची माणसं याच पाण्यावर तगली, असं एकामागून एक पाद्री सांगत आले होते. कुठल्याशा राजाच्या काळी मोठा दुष्काळ पडला तेव्हा दूरदूरची गुरं या डोणीवर आली, त्यांच्या माना घासून डोणीचा काठ झिजला, असं वॉल्टर ऑलसॉप आपल्या पबमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा आणि हाताला धरून नेऊन ती झीज दाखवायचा. खरं तर ती झीज एव्हिसच्या आईच्या आणि आजीच्या बादल्या टेकून टेकून झालेली. एव्हिस कधी बोलली नाही. गुरांच्या गोष्टीत गावाचा मान होता, बादलीच्या गोष्टीत कसला मान?

तिचं सगळं आयुष्य त्या पाण्याच्या आवाजात गेलं. लहानपणी आईबरोबर डोणीचं शेवाळ खरवडायचं, शाळा सुटल्यावर मोठ्या हवेलीत मोलकरीण म्हणून राबायचं, आणि मग क्लेमशी लग्न. क्लेम चुनखडीच्या खाणीत कामाला. तो घरजावई होऊन या घरात आला, त्यावरून गावाने त्याची पुष्कळ चेष्टा केली. तो म्हणायचा, “मी बायकोसाठी नाही आलो रे, पाण्यासाठी आलो.”

गावात मूल झालं की बाप्तिस्म्याचं पाणी एव्हिसच्या हातून चर्चमध्ये जायचं. निळी बादली, वर धुतलेलं फडकं, आणि चढावर एकदाही बादली खाली टेकवायची नाही, ही तिच्या आईची रीत. गावातली निम्मी डोकी तिने नेलेल्या पाण्याने भिजलेली होती. तिचं स्वतःचं मूल मात्र त्या पाण्यापर्यंत पोचलंच नाही. ते जन्मतःच गेलं. त्यानंतरच्या रविवारी दुसऱ्या कुणाच्या मुलाचा बाप्तिस्मा होता, आणि एव्हिस बादली घेऊन गेली होती. देवाला तिने का म्हणून विचारलं नाही. विचारायला जीभ उचलली नाही, एवढंच.

एकोणीसशे शहात्तरचा तो उन्हाळा आला तेव्हा क्लेम अंथरुणाला खिळून होता. खाणीची धूळ छातीत बसलेली. वरच्या खोलीत, झऱ्यावरच्या खिडकीशी त्याचा पलंग. वसंतापासून पावसाचा थेंब नव्हता. कुरणं चिपाडासारखी पिवळी झाली, गावतळ्याच्या तळाला भेगा पडल्या, बागेला नळी लावायला सरकारने बंदी घातली. लोक अंघोळीचं पाणी भाज्यांना घालू लागले. तरी लेडी वेल वाहत होती. बारीक, पण वाहत होती. जुलैत तिची धार करंगळीएवढी झाली. मग थेंब थेंब.

आणि एका पहाटे एव्हिसला जाग आली ती शांततेने. ती डोळे मिटूनच पडून राहिली. डोळे उघडले तर ते खरं ठरेल, असं काहीतरी तिला वाटलं.

“एव्हिस, जागी आहेस?” क्लेमने विचारलं.

“हं.”

“ऐकतेस ना?”

“काय ऐकायचंय? काहीच तर नाही.”

“तेच म्हणतो मी.”

मग क्लेम खोकला, उशीवर जरा वर सरकला आणि म्हणाला, “मी काम सोडलं त्याच्या आदल्या वर्षी खाणीचा तळ आणखी खाली नेला, आठवतं? सुरुंग लावला, धूर खाली बसला, आणि बघतो तर भिंतीतून पाणी. असं तसं नाही, मनगटाएवढी धार. पोरं नाचायला लागली. मी ओंजळीत घेऊन प्यायलो.”

“मग?”

“दात शिवशिवले, इतकं गार. आपलं पाणी होतं गं.”

“थंड पाणी सगळ्या डोंगरातच असतं.”

“इतकी वर्षं एकच पाणी पितोय मी. मला माझं पाणी कळणार नाही?” त्याला धाप लागली. ती उठून बसली, त्याची पाठ चोळू लागली. तो थांबत थांबत म्हणाला, “साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, पंप लाव. मी लावला. दुसऱ्या कुणी नाही, एव्हिस. मी माझ्या हाताने लावला. अजून चालू आहे तो.”

पाठ चोळतच ती म्हणाली, “काहीतरी बोलू नकोस. अख्ख्या देशात पाणी नाहीये, ते काय तू खेचून घेतलंस? दुष्काळ आहे. पाऊस आला की झरा येईल.”

“येईल?”

“येईल म्हणजे येईल.”

“पाऊस आला आणि झरा आला, तर मी सुटलो,” क्लेम म्हणाला. “नाही आला तर मग काय ते समजायचंच.”

त्या दिवसापासून एव्हिसच्या प्रार्थनेत दुसरं काही उरलं नाही. क्लेम बरा होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं, आणि ती देवाशी हुज्जत घालणाऱ्यांतली नव्हती. तिचं मागणं एवढंच होतं, की त्याच्याआधी पाऊस यावा आणि पावसाबरोबर पाणी यावं. जाताना त्याने ते ओझं बरोबर नेऊ नये.

पण पावसाच्या आधी आला वॉल्टर ऑलसॉप. त्याच्यामागून थिर्झा हीथकोट. वॉल्टर पबचा मालक आणि झरा सजवण्याच्या मंडळाचा अध्यक्ष. थिर्झा एव्हिसची शाळेपासूनची मैत्रीण, फुलांची सगळी जबाबदारी तिची, आणि जिभेला हाड नाही. ऑगस्टअखेर संत बार्थोलोम्यूचा सण. त्या सणाला वेदरलोचा झरा सजतो. लाकडाची भलीमोठी चौकट भिजवायची, तिच्यावर मीठ घालून तुडवलेली चिकणमाती थापायची, आणि मातीत एकेक पाकळी दाबून बायबलातलं चित्र उभं करायचं. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, कौलं घालतात तशा, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. पाऊस आला तरी! त्या वर्षी हे वाक्य उच्चारलं की बायका हसत.

“चौकट कुठे भिजत घातलीस?” एव्हिसने वॉल्टरला विचारलं. दरवर्षी ती गावतळ्यात भिजायची.

“माझ्या न्हाणीत,” वॉल्टर म्हणाला.

“म्हणजे बायकोने आठवडाभर अंघोळ केलेली नाही,” थिर्झा म्हणाली. “मी तरी तिच्या जवळ बसले नाही चर्चमध्ये.”

“तू अशीही कुणाच्या जवळ बसत नाहीस, थिर्झा. मागे बसतेस, कुणाची टोपी कशी आहे ते बघायला.” वॉल्टरने खुर्ची ओढली. मग त्याने घसा साफ केला, आणि एव्हिसला कळलं की आता मुद्द्याचं येणार. “हे बघ एव्हिस, झरा बंद पडलाय.”

“मला माहीत आहे. मी इथेच राहते.”

“सणाला बसगाड्या भरून लोक येतात. बिशपच्या कचेरीतून कुणीतरी येणार आहे. कमानीवर काय कोरलंय ते सगळे वाचतात. आणि खाली डोणी कोरडी? पलीकडच्या हॅडलेचे लोक पुढची शंभर वर्षं दात काढतील.”

“काढू देत की. दुष्काळ आहे.”

“दुष्काळ त्या राजाच्या वेळीही होता. तेव्हा नाही आटला.” वॉल्टरने टेबलावर बोटाने रेघ ओढली. “दुष्काळाने नाही आटला म्हटलं तर लोक विचारतील, मग कशाने? आणि ते विचारायला लागले तर उत्तर कोण देणार? माझा थोरला खाणीची गाडी चालवतो. थिर्झाचा जावई तिथेच आहे. तुझ्या क्लेमची पेन्शन तिथून येते.”

स्वयंपाकघरात तिघंही खाली बघत बसली. थिर्झासुद्धा.

“तुझ्या मोरीतल्या जादा नळाला नळी लावायची,” वॉल्टर हळू आवाजात म्हणाला. “खिडकीतून बाहेर काढायची, शेवाळाखालून फटीत सोडायची. चौकट पुढे आली की कुणाला दिसतही नाही. फक्त सणाचा आठवडा.”

“नळीला बंदी आहे.”

“बागेला आहे. मेरी माउलीला आहे असं कुठे लिहिलंय?”

“पाद्रीसाहेब त्यावर आशीर्वाद म्हणणार, वॉल्टर! देवासमोर नळाचं पाणी ठेवायचं आणि झऱ्याचं म्हणून सांगायचं?”

थिर्झाने तिच्या हातावर हात ठेवला. “नळाचं पाणी काय सैतानाने केलंय? तेही देवाचंच. जाऊ दे ना गं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.”

एव्हिसने नाही म्हटलं. दोघं गेली. पण वॉल्टरने नळीचं वेटोळं दाराशीच ठेवलं होतं, आणि ते दिवसभर तिच्या येण्याजाण्यात पायात येत राहिलं.

संध्याकाळी ती क्लेमला सूप भरवायला वर गेली. त्याने तोंड फिरवलं. आदल्या दिवशीही त्याने काही खाल्लं नव्हतं. खिडकीकडे कान लावून तो नुसता पडून होता, जसं कुणी दारावरच्या थापेची वाट बघतं. “दोन घास घे,” ती म्हणाली. “माझ्यासाठी घे.” त्याने मान हलवली. तिने वाटी खाली आणली. जरा वेळ नळाशी उभी राहिली. मग नळी लावली, खिडकीतून बाहेर काढली, गुडघ्यावर बसून शेवाळ उचकटलं, नळीचं तोंड फटीत खुपसलं आणि आत येऊन नळ सोडला.

डोणीत पाणी पडायला लागलं.

वरून क्लेमची हाक आली. किती दिवसांत त्याचा आवाज एवढा मोठा झाला नव्हता. “एव्हिस! एव्हिस, आलं बघ! आलं!”

ती जिन्यात होती. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. वर जाऊन सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. पण तो लहान मुलासारखा हसत होता, हसता हसता खोकत होता, आणि म्हणत होता, “सूप आण गं ते. गरम कर जरा.”

ती खाली गेली आणि तिने सूप गरम केलं.

मग सगळं आपोआप होत गेलं. वॉल्टरने तिचे आभार मानले, ते तिला नको होते. कोठारात बायका माती तुडवायला लागल्या. त्या वर्षीचं चित्र हिवाळ्यातच ठरलेलं होतं. मोझेस काठीने खडकावर मारतो आणि खडकातून पाणी फुटतं, हा प्रसंग. खाणीतले गडी येताजाता म्हणत, “याला आमच्याकडे पाठवा, सुरुंगाचा खर्च वाचेल.” एव्हिसला त्या चेष्टेवर हसता येईना. फुलं मिळत नव्हती. हायड्रेंजियाचे गुच्छ झाडावरच करपलेले. थिर्झाने मोझेसची दाढी ओक झाडावरच्या पांढऱ्या दगडफुलाने केली, खडक सुक्या शेवाळाचा, आणि पाणी करायला निळ्या पाकळ्या पुरेनात तेव्हा स्वतःच्या आईच्या थडग्यावरची फुलं खुडून आणली. “आईला सांगितलंय,” ती म्हणाली. “ती म्हणाली, ने, पण चित्र वाकडं करू नकोस.” पाण्याच्या जागी पाकळ्या दाबायचं काम दरवर्षीप्रमाणे एव्हिसकडे आलं. तिने ते केलं. बोटं करत होती.

सणाच्या आदल्या दिवशी तिला राहवेना. ती डोक्याला रुमाल बांधून चर्चमध्ये गेली. पाद्रीसाहेब मिस्टर पेंगेली दोन वर्षांपूर्वीच गावात आलेले, दूर कॉर्नवॉलकडचे, मनाने भले. मागच्या खोलीत ते झगा उन्हात धरून डाग शोधत होते.

“साहेब, झऱ्याबद्दल जरा बोलायचं होतं.”

“या, या मिसेस वाइल्डगूज! मीच येणार होतो तुमच्याकडे.” त्यांचा चेहरा फुलून आला. “उद्याच्या प्रवचनात तुमचं घर आहे, बरं का. परवा मी तिथून जात होतो. सगळा मुलूख भाजून निघालाय आणि आपल्या डोणीत पाणी पडतंय. मी तिथेच टोपी काढून उभा राहिलो. खरं सांगू? गेले काही महिने माझं मन जरा... जाऊ दे. पण ते पाणी बघितलं आणि बरं वाटलं. तुमचं काय म्हणणं होतं?”

एव्हिसने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या गालावर दाढी करताना कापल्याची खूण होती. घरी एकटेच असत ते.

“काही नाही साहेब,” ती म्हणाली. “डोणीजवळची फरशी निसरडी आहे. जपून पाय ठेवा.”

सणाच्या दिवशी ऊन तसंच होतं. चर्चपासून झऱ्यापर्यंत मिरवणूक आली, पुढे क्रूस, मागे गायनवृंद, मागे बँडवाले घामाने निथळत. चौकट कमानीखाली उभी होती आणि लोक ‘अहाहा’ करत होते. खरोखरच सुंदर झाली होती. मोझेसच्या काठीच्या टोकाशी निळ्या पाकळ्या आणि त्याच्याखाली खरं पाणी. पाद्रीसाहेबांनी हात वर केला, तेव्हा एव्हिस आपल्या दारात उभी होती. सगळ्यांनी डोकी खाली घातली. तिनेही घातली, पण डोळे मिटवेनात. तिला पावलांजवळचं गवत दिसत होतं आणि मनात एकच वाक्य येत होतं: ‘तुला माहीत आहे. तुला तरी माहीत आहे ना?’ आशीर्वाद संपला. “आमेन,” सगळे म्हणाले. वरच्या खिडकीतून क्लेमचाही आवाज आला, सगळ्यांच्या मागाहून.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक बाई डोणीशी वाकून बाटली भरताना दिसली. पन्नाशीची, चांगले कपडे, पण पायात घरातल्या सपाता. घाईत बूट घालायचे राहून गेले असावेत.

“भरलं तर चालेल ना?” तिने विचारलं. “शेफिल्डहून आलेय. बहीण हॉस्पिटलमध्ये आहे. आमची आई सांगायची, वेदरलोचं पाणी प्यायलं की माणूस उठतो.”

“चालेल की,” एव्हिस म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बाईने बोट पाण्यात धरलं आणि तिला नवल वाटलं. “कोमट आहे हो. आई म्हणायची, बर्फासारखं असतं.”

“ऊन फार आहे ना यंदा,” एव्हिस म्हणाली.

“हो, तेही खरंच.” बाईने बूच घट्ट लावलं, बाटली रुमालात गुंडाळली, एव्हिसचे हात धरले. “देव तुमचं भलं करो.”

ती बसकडे गेली. एव्हिस तिच्यामागे चार पावलं गेली, थांबली, पुन्हा दोन पावलं गेली. बस सुरू झाली. घरात येऊन तिने भांड्यांचा ढीग घासायला घेतला आणि रडली. नळाचं पाणी चालू होतं, त्यामुळे वर काही ऐकू गेलं नसावं असं तिला वाटलं.

आठवडा संपला. चौकटीवरच्या पाकळ्या तपकिरी पडल्या, माती खरवडून परत पोत्यात गेली. वॉल्टर नळी न्यायला आला.

“राहू दे अजून,” एव्हिस म्हणाली.

“अगं, पकडलं कुणी तर माझ्या नावाने शिमगा होईल.”

थिर्झा फाटकाशीच होती. तिने वरच्या खिडकीकडे बघितलं, मग एव्हिसकडे. तिला सगळं कळलं. ती वॉल्टरला म्हणाली, “चल, मला घरी सोड. गुडघा दुखतोय.” नळी राहिली.

आणि मग पाऊस आला. ऑगस्टच्या शेवटाला, सुट्टीच्या दिवशी, आधी जरासा, मग असा की समोरचा चर्चचा मनोरा दिसेना. पबमधली माणसं पेले हातात घेऊन बाहेर आली आणि पेल्यात पाऊस भरू लागली. थिर्झा रस्त्यात उभी राहून कपडे चिंब होईपर्यंत मोठ्यांदा स्तोत्र गात होती, अगदी बेसूर. दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी पाऊस. ओढा गढूळ होऊन वाहू लागला. गावतळ्यात बदकं आली. हॅडलेकडच्या उतारावरचे सगळे झरे, ज्यांची नावंसुद्धा कुणी ठेवली नव्हती असे चिल्लर झरे, ठिकठिकाणी फुटले.

एव्हिस रोज क्लेमला झोप लागली की नळ बंद करायची आणि बाहेर जाऊन उभी राहायची. फटीशी हात धरायची. एकदा तिने हात कोपरापर्यंत आत घातला. दगड आतून कोरडा होता. बाहेर सगळं जग ठिबकत होतं, तिची बाही ठिबकत होती, आणि आत हाताला धूळ लागली. ती परत येऊन नळ सोडायची.

पाऊस सुरू होऊन दुसरा आठवडा लागला. दुपारी जरा उघडीप होती. क्लेमने चहा अर्धा ठेवला आणि म्हणाला, “आता नळ बंद कर, एव्हिस.”

तिने बशी उचलली. “कसला नळ?”

“चहाचं आधण ठेवलंस की मेरी माउली दम खाते. भांडी घासायला लागलीस की करंगळीएवढी होते.” तो हसला, ओठांच्या एका कोपऱ्याने. “पहिल्याच रात्री कळलं मला. तू सूप गरम करायला पातेलं विसळलंस ना, तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू तोवर चमचा घेऊन आली होतीस. तुझं तोंड बघितलं मी.”

एवढे दिवस दोघंही एकाच नळाचं ऐकत होती.

“आता भरपूर पाऊस झाला,” क्लेम म्हणाला. “आता कळेल. बंद कर आणि ऐकू.”

“आज नको. डोंगरात मुरायला वेळ लागतो. महिना जाऊ दे.”

“महिना माझ्याजवळ नाही, हे तुला माहीत आहे.”

“मग कशाला रे ऐकायचं?” ती म्हणाली. “राहू दे ना चालू. कुणाचं काय बिघडतंय? मी भांडी बाहेर घासीन. चहा शेजारून करून आणीन.”

“एव्हिस.”

एवढंच म्हणाला तो. तो रागावला नव्हता. तसं रागावला असता तर तिला नाही म्हणता आलं असतं.

ती खाली गेली. नळावर हात ठेवला. तिला वाटलं, देवा, आता तरी. तुला पेलाभर पाणी जड नाही. प्लेगमध्ये दिलंस, दुष्काळात दिलंस, आम्ही खोटं वागलो ते माझ्या माथी घाल, पण आता त्याला एक धार दे. मग तिने नळ बंद केला.

नळीतलं उरलेलं पाणी डोणीत पडलं, पडत पडत थांबलं. पागोळ्या थोडा वेळ ठिबकल्या. एव्हिस बाहेर गेली, नळी फटीतून ओढून काढली आणि भिंतीशी टाकली. मग डोणीच्या काठावर हात टेकून वाकली आणि फटीला कान लावला. आत अंधार होता, मातीचा वास होता. तिने श्वास धरून ठेवला. कुठेतरी खोल काही हललं असं वाटलं, पण ते तिच्याच कानातलं रक्त होतं.

पुन्हा पाऊस पडायला लागला. आधी कमानीवर, मग तिच्या पाठीवर.

वरची खिडकी उघडी होती. क्लेमला उठता येत नव्हतं. त्याने पलंगावरूनच हाक मारली, “एव्हिस, आहे का काही?”

आयुष्यभरात तिने त्याच्याशी खोटं बोलायचं ते सगळं या महिन्यात बोलून झालं होतं. आता तिच्याजवळ आणखी शिल्लक नव्हतं.

“नाही रे,” ती म्हणाली.

ती ओल्या दगडाला धरून उभी राहिली. वर जायला तिचे पाय उचलेनात आणि इथे थांबून करायचं काही नव्हतं.

“बरं,” शेवटी क्लेम म्हणाला. “ये वर. भिजशील.”